माउंट पॅनोरमा, दोन्ही बाजूंनी

ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या माउंट पॅनोरमा या मोटारशर्यतीच्या सर्किटवर मी पहिल्यांदा गाडी घातली, तोवर त्या रस्त्याच्या हजारेक फेऱ्या माझ्या हातून झाल्या होत्या. सगळ्या आमच्या सिडनीतल्या वेस्टमीडच्या घरात, जेवणाच्या टेबलाला गेमचं स्टिअरिंग आवळून.

सुरुवात २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये झाली. सिडनी जूनअखेरीस बंद झालं ते ऑक्टोबरपर्यंत. एरवी ऑक्टोबरात होणारी बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यतसुद्धा त्या वर्षी डिसेंबरवर गेली. इथल्या लोकांना या शर्यतीचं वेड किती, हे ऑफिसातल्या गप्पांतून कळत होतं. १६१ फेऱ्या, दिवसभर टीव्हीसमोर बसलेली कुटुंबं, आणि नऊ वेळा जिंकलेल्या पीटर ब्रॉकचं नाव घेताना लोकांचा बदलणारा आवाज. मला ही शर्यत नुसती बघायची नव्हती, समजून घ्यायची होती. म्हणून स्टिअरिंग आणि पेडल मागवले आणि रोज रात्री सगळे झोपले की तासभर बसायला लागलो.

सर्किट ६.२१३ किलोमीटरचं. पायथा आणि माथा यांत १७४ मीटरचा फरक. फेरी घड्याळाच्या उलट्या दिशेनं. पिटसमोरून, म्हणजे शर्यतीत गाड्यांची देखभाल होते त्या जागेसमोरून, निघालं की डावीकडे हेल कॉर्नर, मग सरळ चढणारा माउंटन स्ट्रेट, उजवीकडे ग्रिफिन्स बेंड, मग डावीकडे कटिंग. तिथून रीड पार्क, सल्मन पार्क, मॅकफिलामी पार्क अशी माथ्यावरची चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती. मग स्कायलाइन, तिथून खाली एसेस, डिपर, फॉरेस्ट्स एल्बो, आणि मग जवळजवळ दोन किलोमीटरचा कॉनरॉड स्ट्रेट. त्याच्या टोकाला चेस आणि शेवटी मरेज कॉर्नर. ही नावं मी आधी वहीत लिहून पाठ केली आणि मग हातांना पाठ करायला दिली.

हल्लीच्या चांगल्या सिम्युलेटरमधली सर्किटं नजरेच्या अंदाजानं काढलेली नसतात. लेझरनं खरा रस्ता मोजतात आणि त्या असंख्य बिंदूंतून तो पुन्हा उभा करतात. त्यामुळे डांबरातला उंचवटासुद्धा जिथल्या तिथं असतो आणि स्टिअरिंगमधून हाताला कळतो. शर्यतीतले लोकही याचा उपयोग करतात. जाक व्हिलनव्हनं १९९६ साली बेल्जियमच्या स्पा सर्किटवर फॉर्म्युला वनच्या पहिल्याच खेपेला शर्यत सुरू होतानाची सगळ्यांत पुढची जागा पटकावली, आणि त्याआधी त्यानं तो रस्ता व्हिडिओ गेमवर घोटला होता, ही गोष्ट या खेळात अजून सांगितली जाते.

मला सगळ्यांत जास्त वेळ लागला तो स्कायलाइनला. मॅकफिलामीच्या डाव्या वळणातून बाहेर आलं की समोरचा रस्ता संपतो. पडद्यावर फक्त आभाळ. पुढचं वळण दिसायच्या आत गाडी कुठं लावायची ते ठरलेलं असावं लागतं, कारण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिले पंधरा दिवस मी तिथं रोज भिंतीला धडकत होतो. मग एका रात्री ध्यानात आलं की मी आभाळाकडे बघतोय. उजव्या भिंतीचा वरचा काठ जिथं तुटल्यासारखा दिसतो तिथं नजर ठेवली, त्या क्षणी ब्रेक, मग सोडायचा आणि खाली झोकून द्यायचं. त्या रात्रीपासून ते वळण माझं झालं. ब्रेकची प्रत्येक खूण मी अशीच शोधली. इथं एक कमान, तिथं जाहिरातीचा निळा फलक, पलीकडे प्रेक्षकांच्या तंबूंची रांग.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, आई-बाबा कराडहून आले. बाबांची सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून झाली, त्यातली बरीच वर्षं कराड-चिपळूण मार्गावर. म्हणजे कुंभार्ली घाट. वर हेळवाक, खाली पोफळी, आणि मधे पावसाळ्यात धुक्यानं भरलेली वळणं. लहानपणी मी त्यांच्यामागच्या सीटवर बसून तो घाट कितीदा तरी उतरलोय. त्यांना एक रस्ता दाखवायचाय, असं सांगून एका शनिवारी पहाटे आम्ही निघालो. आईनं मागच्या सीटवर दशम्या, चटणी आणि चहाचा थर्मास असा संसार मांडला होता.

सिडनी ते बाथर्स्ट दोनशे किलोमीटर. ब्लू माउंटन्स चढायचे, कटूम्बा आणि ब्लॅकहीथ मागं टाकायचं, आणि माउंट व्हिक्टोरियानंतर व्हिक्टोरिया पासनं खाली उतरायचं. हा पास १८३२ पासूनचा. तिथं ट्रकांनी खालचा गिअर वापरावा अशी पाटी आहे. बाबांनी ती वाचली आणि गाडीत बसल्यापासून पहिल्यांदाच सरळ होऊन बसले.

“हा घाट आहे,” ते म्हणाले. “आधी सांगायचं नाही का.”

बाथर्स्ट गाव १८१५ चं, किनाऱ्यापासून आत वसवलेलं इंग्रजांचं पहिलं गाव. डोंगर गावातूनच दिसतो आणि त्याच्या उतारावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत माउंट पॅनोरमा असं लिहिलेलं आहे. वाहलू हे या डोंगराचं इथल्या विराजुरी आदिवासींचं मूळ नाव.

इथं आलं की एक गोष्ट चकित करते. शर्यतीचे दिवस सोडले तर हे सर्किट म्हणजे साधा सार्वजनिक रस्ता आहे. तिकीट नाही, फाटक नाही. रस्त्याकडेला लोकांची घरं आहेत, द्राक्षांचे मळे आहेत, टपालाच्या पेट्या आहेत. वेगमर्यादा ताशी ६० आणि पोलिसांचं तिच्यावर बारीक लक्ष. रस्ता बांधला गेला तोच मुळी मंदीच्या काळात बेकारांना काम मिळावं म्हणून. पर्यटकांसाठी निसर्गरम्य रस्ता असं कागदावर म्हणत, पण महापौर मार्टिन ग्रिफिन यांच्या डोक्यात शर्यत होतीच. रस्ता १९३८ च्या मार्चमध्ये खुला झाला आणि त्याच ईस्टरला पहिली शर्यत झाली. ग्रिफिन्स बेंड हे नाव त्यांचंच.

पिटसमोरच्या रेषेवरून आम्ही निघालो. साठच्या वेगानं ही फेरी सव्वासहा मिनिटांची होते. शर्यतीतल्या गाड्या दोन मिनिटं आणि वर काही सेकंदांत येतात.

हेल कॉर्नरला माझे हात वळले आणि तिथंच थांबले. मला उजव्या कडेनं येऊन डावीकडे आत घुसायची सवय. इथं मधे पट्टा होता आणि पलीकडून एक दूधवाली व्हॅन येत होती. दोन्ही बाजूंची वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावर तुमच्या वाट्याला डावी निम्मी बाजू येते. शर्यतीची जी रेघ मी दोन वर्षं गिरवली होती, ती निम्म्या वेळा समोरच्या गाडीच्या रस्त्यात पडत होती.

खुणाही गेल्या. माउंटन स्ट्रेटच्या टोकाला माझा निळा फलक नव्हता. तंबू नव्हते. मी पाठ केलेल्या कितीतरी गोष्टी शर्यतीच्या आठवड्यात उभ्या राहून नंतर उतरवल्या जाणाऱ्या होत्या. त्यांच्या जागी वाळलेलं गवत आणि तारेचं कुंपण. तरीही ग्रिफिन्स बेंड यायच्या आधी मला कळलं की आता उजवीकडे. कशावरून, ते सांगता येणार नाही. बाबांनी विचारलं, “पुढं काय?” आणि मी न बघता सांगत गेलो. उजवं, मग थोडं सरळ, मग डावं आणि उभा चढ.

कटिंग आलं. डोंगर कापून काढलेली वाट. सर्किटवरचा सगळ्यांत तीव्र चढ एकास सहाच्या आसपास आहे, म्हणजे सहा मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. हा आकडा मला पाठ होता. पडद्यावर मी तिथून शेकडो वेळा दुसऱ्या गिअरमध्ये गेलो होतो आणि मला ते एक हळू वळण वाटायचं. खऱ्या गाडीत पाठ सीटला चिकटली, बॉनेटच्या पुढं रस्ता दिसेनासा झाला, आमची साधी कोरोला घुमायला लागली आणि मागं आईनं थर्मास दोन्ही हातांनी धरला. टेबलापुढची खुर्ची सपाट असते. पडदा डोंगर दाखवतो, पण अंग तिरकं करत नाही. शर्यतीतले लोक या वळणाबद्दल बोलताना गाडीचं वजन मागं जातं असं का म्हणतात, ते मला तिथं कमरेत कळलं.

स्कायलाइनला मात्र माझा गेम खरा ठरला. रस्ता संपला, आभाळ आलं, उजव्या भिंतीचा काठ तुटला, आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. अगदी त्याच जागी. खाली बाथर्स्टचं सगळं पठार पसरलेलं होतं, पिवळी पडलेली झाडं, दूर धूर. गेममध्ये मी इथून कधी खाली बघितलंच नव्हतं. पुढचं सगळं ठाऊक असल्यामुळे आज डोळे मोकळे होते.

“खालच्या गिअरला घे,” बाबा म्हणाले.

गाडी ऑटोमॅटिक होती, तरी मी तिला खालच्या गिअरात अडकवलं. “ज्या गिअरनं चढलास त्याच गिअरनं उतरायचं. ब्रेक शेवटी लागला तर पाहिजे.” एसेस आणि डिपर आम्ही इंजिनाच्या जोरावर, ब्रेकला जवळजवळ हात न लावता उतरलो. डिपरचं डावं वळण इतकं पटकन खाली पडतं की पोट वर येतं. मोटारसायकलवाला जॅक फॉरेस्ट ज्या वळणावर पडला आणि कोपर खरवडून घेतलं, ते फॉरेस्ट्स एल्बोही मागं गेलं. मग कॉनरॉड. कॉनरॉडवर शर्यतीच्या गाड्या जवळजवळ तीनशेला जातात. हे नावही एका मोडक्या भागावरून आलंय. १९३९ साली फ्रँक क्लाइनिगच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड इथं गेला. आम्ही साठनं चाललो होतो आणि कुंपणापलीकडे एक कांगारू मान वर करून बघत होतं.

मरेज कॉर्नरजवळ मोटर रेसिंगचं संग्रहालय आहे, बाहेर ब्रॉकचा पुतळा. तिथं थांबून दशम्या खाल्ल्या. बाबा बराच वेळ डोंगराकडे बघत होते.

“उलट्या बाजूनं जाता येतं ना?”

येतं. दोन्ही बाजूंचा रस्ता आहे. मला ते सुचलंच नव्हतं. गेममध्ये उलटं जाणं म्हणजे चूक.

आम्ही मरेज कॉर्नरकडून कॉनरॉडवर वर निघालो. आणि तिथंच मला जाणवलं की हा स्ट्रेट सरळ नाही, चढ आहे, मधे उंचवटे आहेत, आणि वर जाताना तो संपतच नाही. फॉरेस्ट्स एल्बो ओळखलं. डिपर ओळखलं ते पोटावरून. पण एसेस चढून माथ्यावर आलो आणि बाबांनी पुन्हा विचारलं, “पुढं काय?” तर मला सांगता येईना. डावं की उजवं? मॅकफिलामी गेलं का यायचंय? भिंती त्याच, डांबर तेच, हजार फेऱ्या झालेल्या, आणि मी अनोळखी रस्त्यावर होतो. रामरक्षा तोंडपाठ असते, पण शेवटाकडून म्हणायला सांगितलं तर जीभ अडते, तसं. माझ्या हातांनी रस्ता शिकला नव्हता. एका वळणानंतर कुठलं वळण येतं, तो क्रम शिकला होता.

“हळू घे,” बाबा म्हणाले. “झाडं बघ. झाडांची रांग जिकडं वळते तिकडं रस्ता वळतो. रात्री घाटात आम्ही तेच बघायचो.”

मी झाडं बघायला लागलो. निलगिरींची रांग डावीकडे सरकली, रस्ताही सरकला. कटिंगच्या तोंडाशी आलो तर वळणाच्या वर फक्त हवा दिसत होती, आणि त्या हवेतून एक सायकलवाली वर आली. उभी राहून पेडल मारत, तोंड लाल, रस्त्याच्या निम्म्यात वळवळत.

“थांब. चढणाऱ्याला आधी वाट.”

मी गाडी कडेला घेऊन थांबलो. ती आमच्याजवळून गेली, एक हात क्षणभर वर केला आणि लगेच परत हँडलवर ठेवला. बाबांनी काचेतून हात वर करून उत्तर दिलं, जसं ते समोरून येणाऱ्या एसटीला द्यायचे.

त्या दिवशी आम्ही सहा फेऱ्या मारल्या. तीन सुलट, तीन उलट. शेवटच्या उलट फेरीत बाबा पुढचं वळण सांगत होते आणि मी वळवत होतो.

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. जेवणं झाल्यावर बाबांनी टेबलाला लावलेलं स्टिअरिंग दाखवायला सांगितलं. मी सर्किट लावून दिलं, एकट्याची फेरी, समोर कुणी नाही. त्यांनी गाडी पिटसमोर आणली, थांबवली, सावकाश दोन हातांनी वळवून मागं तोंड केलं आणि कॉनरॉडच्या दिशेनं निघाले. पडद्यावर उलट्या दिशेची सूचना चमकायला लागली. मी म्हटलं, बाबा, गेम उलटं जाऊ देत नाही.

“असू दे,” ते म्हणाले. नजर पडद्यावर, पाय बेतानं दाबलेला. थोडं पुढं जाऊन त्यांनी मान तिरकी केली. “चढ कुठं गेला रे?”