माशी कुठली, यापेक्षा ती वाहते कशी

पहाटे पाण्यात थर्मामीटर धरला, १३ अंश. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाला मानवणारं पाणी. नदी इतकी अरुंद की काठावर ताठ उभं राहायची सोय नाही. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून, वाकून जायचं. पाण्याखालून त्याला वरचं जग सुमारे ९७ अंशांच्या गोल झरोक्यातून दिसतं. आपण जितके खाली वाकू, तितके त्या झरोक्याच्या कडेला दबतो. गुडघे भिजले तर भिजू द्यावेत.

खडकामागच्या संथ पट्ट्यात एक मासा वर येत होता. लगेच गळ टाकला नाही, बराच वेळ नुसतं बघत बसलो. पाठ दिसे, शेपटीचं टोक दिसे, नाक मात्र नाही. मागे बुडबुडाही राहत नव्हता. म्हणजे वर तरंगणारे मेफ्लाय, हे नदीतले नाजूक पंखांचे किडे, त्याला नको होते. कात टाकून पंख सोडवायच्या धडपडीत पृष्ठभागाच्या जरा खाली अडकलेले तेवढे तो टिपत होता. मेफ्लायचं जवळजवळ सगळं आयुष्य नदीच्या तळाशी जातं. पंख फुटल्यावर तोंड निकामी, खाणं बंद. आणि पंख आल्यानंतरही पुन्हा एकदा कात टाकणारा आज हयात असलेला हा एकमेव कीटक! हे आठवत बसलं की मासा राहतो बाजूला.

फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली नकली माशी, निवडली ती लहान, करडी, अर्धी बुडणारी. मधली धार जोरात, पलीकडचा पट्टा संथ. दोरी धारेवर पडली की मधे वाकून तिला पोट सुटतं आणि ती फ्लायला ओढायला लागते. खरा किडा असा आडवा पळत नाही. मासा जवळ आला, बघून खाली गेला. पुन्हा तेच. अशा वेळी दुसरी फ्लाय काढायला हात डबीकडे जातोच. माझं मत विचाराल तर डबीतल्या नमुन्यांवर लोक फार खर्च करतात, आणि गप्पा त्याहून जास्त. रंगाची छटा थोडी चुकली तर मासा चालवून घेतो. ही ओढ सहसा चालवून घेत नाही. फ्लाय तीच ठेवली. दोन पावलं पुढे सरकून काठी उंच धरली, म्हणजे धारेवर दोरी कमी पडते. जी पडली तिचं पोट लगेच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकलं. फ्लाय क्षणभर मोकळी वाहिली. तेवढं पुरलं.

ब्राउन ट्राउट, वीतभर. लाल ठिपक्यांभोवती फिकट कडी. हौदात वाढवून सोडलेल्या माशांचे पर बऱ्याचदा झिजलेले असतात. याचे कडेपर्यंत अखंड. हात ओले करून धरला, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबलेला होता, त्यामुळे पाण्यातल्या पाण्यात सुटला. फोटोच्या भानगडीत पडलो नाही.

दुपारी पाणी १९ अंशांवर गेलं. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी. दमलेला मासा सोडला तरी नंतर मरू शकतो. २० होण्याची वाट न बघता दोरी गुंडाळली. वरच्या वळणावर एक जण अजून टाकत होता. सांगावं की नाही या विचारात घुटमळलो, मग सांगितलं. त्याने थर्मामीटर मागून घेतला, स्वतः बघितलं आणि आवरायला लागला. संध्याकाळी येणार का, म्हणाला. मी नाही म्हटलं. दिवसभर तापलेले दगड इतक्यात निवत नाहीत. उद्या उजाडताच.