संत्र्याचा डोळा कोणी बांधला?

नागपूरच्या काटोल रोडला माझी नर्सरी आहे. संत्रा, मोसंबी, लिंबाची कलमं आणि हिवाळ्यात शेवंती, एवढाच पसारा. त्यामुळे पुतणीकडे लंडनला जायचं ठरलं तेव्हा तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की राजवाडा आणि घड्याळ तू दाखवशील तेव्हा बघेन, पण लॅम्बेथचं बागांचं म्युझियम चुकवायचं नाही.

थेम्सच्या काठावर, आर्चबिशपच्या वाड्याला लागून सेंट मेरी नावाचं जुनं चर्च आहे. १९७०च्या दशकात ते पाडायला निघाले होते. त्याच्या आवारातली दोन माळ्यांची कबर शोधत रोझमेरी निकोल्सन नावाच्या बाई तिथे आल्या, चर्चची अवस्था पाहिली आणि नवऱ्याच्या साथीने ते वाचवायच्या मागे लागल्या. १९७७ साली तिथे संग्रहालय उभं राहिलं. बागांच्या इतिहासाला वाहिलेलं जगातलं हे पहिलं संग्रहालय. माळ्याच्या कबरीमुळे एक अख्खं चर्च वाचलं, हे मला फार मोठं वाटतं.

ते दोन माळी म्हणजे जॉन ट्रेडस्कंट बाप-लेक. बाप आधी एका सरदाराकडे होता, मग राजा-राणीच्या बागेचा मुख्य झाला. झाडं आणायला हॉलंडला गेला, १६१८ साली रशियात गेला, पुढे अल्जियर्सपर्यंत पोचला. पोरगा अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून झाडं घेऊन आला. आपल्याकडे गॅलरीतल्या कुंडीतून लोंबणारी जांभळ्या-चंदेरी पट्ट्यांची वेल असते ना, गिऱ्हाईक 'ती जांभळी लोंबती द्या' म्हणून मागतं, तिच्या कुळाला याच बाप-लेकांचं नाव आहे. ट्रेडस्कॅन्शिया. इतकी वर्षं मी ती विकतोय आणि ज्यांचं नाव ती मिरवते त्यांच्यासमोर त्या दिवशी उभा होतो. कबरीच्या दगडावर कोरीवकाम आहे: एका बाजूला अनेक तोंडांचा साप आणि कवटी, दुसरीकडे शंख-शिंपले, मगर, पडक्या इमारती आणि कोपऱ्यांवर झाडं. मी चारी बाजूंनी हात फिरवून पाहिलं. कोणी हटकलं नाही.

पण या बाप-लेकांची गोष्ट पुढे दुखरी आहे. झाडांबरोबर त्यांनी देशोदेशींच्या नवलाच्या वस्तू जमवल्या होत्या, लॅम्बेथच्या घरात मांडल्या होत्या आणि पैसे देईल त्या कोणालाही ते आत येऊन बघू देत. १६५६ साली त्या संग्रहाची यादीही छापली. यादीला मदत करणारा एक वजनदार गृहस्थ होता, एलियास अ‍ॅशमोल. संग्रह त्याने आपल्या नावावर लिहून घेतला. धाकट्या जॉनच्या मागे त्याची बायको हेस्टर कोर्टात झगडली, हरली, आणि १६७८ साली घरच्याच तळ्यात बुडालेली सापडली. पाच वर्षांनी ऑक्सफर्डला तो सगळा संग्रह लोकांसाठी खुला झाला. नाव पडलं अ‍ॅशमोलियन. हे वाचल्यावर पुतणी पुढच्या दालनात गेली तरी मी तिथेच उभा होतो.

आतल्या वस्तू लहान लहान आहेत आणि म्हणूनच वेळ जातो. काकडी सरळ वाढावी म्हणून तिच्यावर घालायची काचेची नळी आहे. रेल्वे इंजिनवाल्या जॉर्ज स्टीफन्सनने म्हातारपणी या नळ्या करवून घेतल्या होत्या. पाणी घालायचं एक जुनं मातीचं भांडं आहे, बुडाला बारीक छिद्रं, वर गळ्याला एकच भोक. पाण्यात बुडवून भरायचं, वरच्या भोकावर अंगठा दाबायचा की पाणी आत थांबतं, अंगठा उचलला की शंकराच्या पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखं खाली ठिबकू लागतं. कोवळ्या रोपांना याहून चांगली झारी मी पाहिली नाही. घरी आल्यावर आमच्या कुंभाराला चित्र काढून दिलंय.

आणि मग ते कोकरू. काचेआड चार पायांवर उभं, तपकिरी लवेचं. प्रत्यक्षात तो एका नेच्याचा लवदार कंद आहे, उलटा केलेला, आणि पाय म्हणजे पानांचे देठ बेताने कापून ठेवलेले. युरोपात कित्येक शतकं लोकांचा विश्वास होता की तार्तरीत, म्हणजे मध्य आशियाकडच्या मुलखात, झाडाला कोकरू लागतं, बेंबीने देठाला जोडलेलं असतं, आजूबाजूचं गवत खातं आणि गवत संपलं की मरतं. या गोष्टीच्या मुळाशी कापूस असावा असं सांगतात, आणि मला ते पटतं. ज्या मुलखात कापूस होतच नाही तिथल्या माणसाला लोकर मेंढीचीच ठाऊक. हिरोडोटसने तर ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातच लिहून ठेवलंय की हिंदुस्थानात रानझाडांना मेंढीपेक्षा सरस लोकर लागते. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही मांडणारी माझी आजी आठवली. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, जन्म काढलेल्या त्या बाईला हे कोकरू दाखवलं असतं तर ती किती वेळ बघत राहिली असती!

नागपूरला परत आल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आपला संत्रा रघुजी भोसल्यांनी औरंगाबादकडून आणला, असं सगळीकडे सांगितलं जातं. बरोबर असेल. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी ही सगळी भोसल्यांची पुण्याई, आणि मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण संत्रा आणून भागत नाही. बी लावून चांगली बाग उभी राहत नाही, प्रत्येक झाडाला कोणाच्या तरी हाताचा छेद लागतो. संत्र्याचं कलम जंबेरी या रानटी लिंबाच्या रोपावर बांधतात. ते रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर वर टी आकाराचा छेद घ्यायचा. साल अलगद सुटली पाहिजे, आतलं लाकूड ओलं चकाकताना दिसलं पाहिजे. मग चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, सालीसकट काढायचा, छेदात सरकवायचा आणि डोळा तेवढा उघडा ठेवून घट्ट बांधायचं. आता प्लास्टिकची पट्टी असते, बाबांच्या वेळी केळीचं सोपट असायचं. दोन-तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला तर लागला, काळा पडला तर गेला. फार खाली बांधला तर पावसाळ्यात मातीचे शिंतोडे उडून पुढे झाडाला डिंक्या रोग धरतो. हे ज्ञान वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बांधणाऱ्यांच्या बोटांत आहे. १९८५ साली अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांचं संशोधन केंद्र आलं, २०१४ला नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, दोन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे. पण पहिला डोळा बांधणाऱ्याचं नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. दुसऱ्याचंही नाही.

माझे बाबा सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर माळी होते. शेवंतीत त्यांचा हात धरणारा नव्हता. पावसाळ्यात शेंडे खुडून फुटवे वाढवायचे, मग कळ्या धरल्या की दांड्यावर एकच ठेवून बाकीच्या नखाने काढून टाकायच्या, तेव्हा कुठे ओंजळभर फूल होतं. त्या कुंड्या प्रदर्शनात जायच्या. चषक साहेबांच्या नावाने यायचा आणि त्यांच्या दिवाणखान्यात राहायचा. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मला मात्र बोलावंसं वाटतं. ती फुलं माझ्या बाबांची होती.

अजब बंगल्यात मी लहानपणापासून जातो. १८६३ पासूनचं ते संग्रहालय, शिल्पं आहेत, शस्त्रं आहेत, पेंढा भरलेले प्राणी आहेत. कलमाचा चाकू माझ्या पाहण्यात आला नाही. तो यावा म्हणून कोणाची वाट बघण्यापेक्षा नर्सरीच्या पुढच्या खोलीतलं बियाण्यांचं कपाट मी रिकामं केलंय. पहिली वस्तू बाबांचा चाकू: पातं झिजून अर्धं राहिलेलं, मागच्या टोकाला साल उचलायची हाडाची पट्टी. खाली चिठ्ठी, त्यांचं नाव, गाव, आणि या चाकूने काय काय बांधलं. शेजारी नरखेडच्या एका म्हाताऱ्या बांधणाऱ्याने दिलेलं सोपटाचं वाळकं बंडल. तो काम करताना काय सांगतो ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवतोय, कारण तो जे करतो ते लिहून पूर्ण कळत नाही.

तुमच्या घरी, गोठ्यात, माळ्यावर असं काही पडलं असेल तर भंगारात देऊ नका. मोटेची सोंड, जुनी झारी, संत्र्याच्या लाकडी पेट्यांवर मारायचे शिक्के, नर्सरीची जुनी बिलं, काहीही चालेल. वस्तू द्यायची नसेल तर फोटो काढू द्या. फक्त ती कोण वापरायचं, त्या माणसाचं नाव आणि गाव नक्की सांगा, त्याशिवाय मी कपाटात काही ठेवणार नाही. आणि यायचं असेल तर मृगाच्या आधी या. एकदा पाऊस सुरू झाला की कलमांच्या विक्रीत मला मान वर करायला फुरसत नसते.