डब्यातली पूड

प्रयोगशाळेत बर्बेरीन या वनस्पतीतल्या संयुगाचे नमुने लावून होत होते, तेवढ्यात मधुमेहतज्ज्ञ मित्राचा फोन आला. "अगं, एक डबा पाठवतोय. आजच बघशील का? पेशंट काल दोनदा बेशुद्ध झालाय."

वय सत्तरच्या पुढे, मूत्रपिंडं थकलेली, रक्तातली साखर 34. सलाइनमधून ग्लुकोज चढवलं की शुद्धीवर येत, आणि काही तासांत साखर पुन्हा कोसळे. मधुमेहाची गोळी त्यांनी महिन्यापूर्वीच सोडली होती. चालू होती ती फक्त ही गुडमार वेलीच्या पानांची पूड. डब्यावर लिहिलेलं, 'संपूर्ण वनस्पतिजन्य'.

साखर पुन्हा पुन्हा खाली येतेय, हेच मला खटकलं. गुडमारीतली जिम्नेमिक आम्लं जिभेला गोड चव कळू देत नाहीत, साखरेवरही त्यांचा थोडाफार परिणाम दिसतो. पण माणूस दोनदा आडवा पडावा इतका?

पुडीचा मेथॅनॉलमध्ये अर्क काढला, गाळला, संयुगं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या मशीनला लावला. गुडमार होती, अगदी खरी. आलेखावर तिच्या छोट्या टेकड्यांमध्ये मात्र एक उंच सुळका उभा राहिला. वस्तुमान 494, आणि शेजारी 496 वर साधारण एक तृतीयांश उंचीची जोडरेघ. अशी जोडी दिसली की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं क्लोरिनचं, कारण निसर्गात त्याचे 35 आणि 37 वस्तुमानाचे दोन प्रकारचे अणू, म्हणजे समस्थानिक, साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. जमिनीवरच्या झाडांच्या संयुगांत क्लोरिन क्वचितच सापडतो. कपाटातून ग्लायबेनक्लामाइड या क्लोरिन असलेल्या मधुमेहाच्या औषधाचा शुद्ध नमुना काढून चालवला. तोही नेमका त्याच मिनिटाला बाहेर आला.

म्हणजे ते गोळी सोडून गोळीच घेत होते. हे औषध साखर किती आहे ते न पाहता स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. यकृतात त्याचं रूपांतर झालं, तरी तयार होणारे घटक काही प्रमाणात काम करतच राहतात आणि त्यांचा बराचसा भाग मूत्रपिंडांतून बाहेर पडतो. मूत्रपिंडंच थकली असली तर ते अंगात रेंगाळतात.

मला फार राग आला. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचं मूळ गॅलेगा या झुडपात आहे. त्यातलं गॅलेजीन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच कुळातलं, माणसाला सोसेल असं मेटफॉर्मिन ज्याँ स्टर्न यांनी रुग्णांना देऊन 1957 साली निष्कर्ष छापले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये फ्लोरिझिन मिळालं. ते आतड्यातच तुटायचं, म्हणून त्याची रचना बदलत बदलत ग्लिफ्लोझिन गटातली औषधं आली, आणि आज ती मधुमेह्यांची मूत्रपिंडं जपायलाही देतात. झाडातलं संयुग औषध होईपर्यंत किती जणांनी मात्रा मोजली, किती वर्षं घालवली. आणि इथे कुणीतरी पानांच्या पुडीत न मोजता गोळी मिसळून मोकळा झाला होता.

मित्राला कळवलं. तो म्हणाला, "पण मग पहिले तीन आठवडे ठणठणीत कसे होते?"

संध्याकाळी डब्यातून दोन चमचे वेगवेगळे काढले, एक वरून, एक तळातून. वरच्यात औषध 2 मिलीग्रॅम निघालं, तळाच्यात 11. औषधाची बारीक भुकटी खाली बसत गेली होती, आणि त्यांचा डबा आता संपत आला होता.