मालकान हात धरलो तर...

"मालकान हात धरलो तर ता प्रेम. नि गड्यान धरलो असतो तर?"

मालवणच्या वाचनालयात प्रेमकादंबरी परत करताना एका काकूंनी विचारलं. ग्रंथपालबाई हसल्या, शिक्का मारला. झालं. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना.

इंग्रज लेखक रिचर्डसनची 'पामेला' ही कादंबरी १७४० सालची. पंधरा वर्षांची मोलकरीण, मागे लागलेला मालक, मग तिला कोंडून ठेवणं आणि शेवटी त्याच्याशीच लग्न. तेही सद्गुणाचं बक्षीस म्हणून! आताच्या प्रेमकथांत मालकाकडे कंपनी असते, एवढाच फरक.

चोरट्या स्पर्शाची ओढ मलाही कळते हो. रात्र रात्र वाचलंय. पण नायिकेचं 'नको' म्हणजे लाजणं, हे दरवेळी लेखकच ठरवतो.

मोलकरणीने आधी हात पुढे केलाय, अशी प्रेमकथा कुणी वाचलीय का?