जॅकार्डचा सिनेमा सोलापुरात काढायचा तर

तंत्रज्ञाच्या चरित्रपटातला सगळ्यात कंटाळवाणा प्रसंग म्हणजे डोक्यात कल्पना चमकते आणि मागे व्हायोलिनं वाजू लागतात तो. डॅनी बॉयलच्या २०१५ सालच्या 'स्टीव्ह जॉब्स'मध्ये तो नाही. तिथं १९८४ साली मॅकिंटॉश हा संगणक लोकांसमोर यायला थोडाच वेळ उरलेला असतो आणि यंत्र काही केल्या 'हॅलो' म्हणत नाही. यंत्राची मेमरी १२८ केबी, बोलण्यासाठी तोकडी. खऱ्या कार्यक्रमात बोलणारं यंत्र ५१२ केबीचा नमुना होतं. एक बिघाड पुरतो, माणूस त्यातूनच दिसतो.

भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणारं, त्याच्याच नावानं ओळखलं जाणारं यंत्र मागावर बसवणाऱ्या फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्डवर (१७५२–१८३४) लघुपट करायचा तर असा बिघाड सोलापूरच्या मागांवर तयार आहे. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाण्याआधी फोनवर एकच विचारा, जॅकार्ड कार्डाचं की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिकवर कार्डंच नसतात, खेप वाया जाईल.

मागाच्या डोक्यावर कार्डांची माळ एका चौकोनी ठोकळ्यावरून फिरते. बाण्याच्या (आडव्या) एका धाग्याला एक कार्ड, म्हणजे ठोकळ्याचा पाव फेरा. कार्डाला भोक असेल तिथं सुई आरपार जाते, तिचा हूक उभाच राहतो, सुरी म्हणजे वर-खाली होणारी पट्टी त्याला उचलते आणि ताण्याचा (उभा) धागा वर येतो. भोक नसेल तर कार्ड सुईला मागे ढकलतं, हूक सुरीवरून निसटतो, धागा खालीच.

आता बिघाड. भोकात कापसाचे तंतू अडकले की उचलायचा धागा उचलला जात नाही. कार्ड फाटलं की नको तो धागा वर येतो. ते कार्ड पुन्हा पुन्हा फिरून येत असल्यानं चूक नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात त्याच जागी उमटते. उलट चादरभर सलग उभी रेघ दिसली तर कार्डांना हात लावू नका, वरची दोरी तुटली असेल किंवा हूक वाकला असेल. कॅमेऱ्याला पहिली चूक हवी. आधी कापडावरचा ठिपका, मग वर बोटानं चाचपलं जाणारं कार्ड, संवादाची गरजच नाही.

चित्रीकरणात मात्र यंत्रमाग घात करतो. लियाँचा माग रेशमाचा आणि पायानं चालणारा, इथं मोटर, पट्टा, लोखंड. म्हणून चौकट वरच्या जॅकार्डवरच ठेवा किंवा जॅकार्ड लावलेला हातमाग शोधा. शेडमधल्या जुन्या चोकच्या ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवा. स्लो मोशनसाठी दिवे बंद करा आणि खिडकीच्या उजेडात काम उरका. उडणारे तंतू लेन्सवर बसतात, ब्लोअर खिशातच हवा. संवाद माग बंद असताना, मागाचा आवाज वेगळा आणि एकाच मागाचा. आजूबाजूच्या तेलुगू गप्पा माइकमध्ये शिरल्या तर १८०४ चं लियाँ तिथंच संपलं.

पटकथेत जॅकार्डला एकट्याला श्रेय देण्याचा मोह आवरा. भोकांचा कागद बुशाँनं १७२५ च्या सुमारास वापरला, त्यानंतर फाल्कननं कार्डं आणली, पुढे वोकांसाँनं यंत्र मागाच्या डोक्यावर नेलं. जॅकार्डनं हे सगळं रोज चालेल असं बसवलं. माझ्या मते ही गोष्ट 'अचानक सुचलं'पेक्षा कितीतरी रंगतदार आहे, फक्त चार पात्रं लिहायचा कंटाळा नको.

शेवटच्या दृश्यासाठी १८३९ चं जॅकार्डचं रेशमी चित्र घ्या. ते रंगवलेलं नव्हे, विणलेलं, सुमारे २४,००० कार्डांवर. त्याची एक प्रत इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं घरी लावली होती आणि आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना त्यानं याच मागावरून घेतली. मिनिटाला १२० धागे टाकणाऱ्या मागावर तेवढी कार्डं संपायला ३ तास २० मिनिटं लागतील. मालक तेवढा वेळ माग देणार नाही, १० मिनिटं मागा.