मनीबाईंचा निकाल

आज सुपरमार्केटात पाऊण तास मांजराच्या खाण्याच्या पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचत उभी होते. चष्मा घरी! एका हातात नेहमीचं नामांकित पाकीट, दुसऱ्यात दुकानाचं स्वतःचं, बरंच स्वस्त. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. गंमत म्हणजे दोन्हींत पहिला नंबर मक्याचा, मासा ठळक फक्त चित्रात. प्रथिनं दोन्हीकडे ३० टक्के. टॉरिन हे पोषकद्रव्य मात्र मुद्दाम शोधलं. ते कमी पडलं तर मांजराचे डोळे नि हृदय बिघडतं. दोन्हींत होतं. आणलं मग स्वस्तातलं. एकदम बदललं तर पोट बिघडतं, म्हणून जुन्यात मूठभर मिसळलं. मनीबाईंनी जुने दाणे तेवढे वेचून खाल्ले, नवे पंजानं वाटीबाहेर. आई म्हणाली, "तुझ्यावरच गेलीय."