सातवं प्रकरण, तिसऱ्यांदा

आज दुपारभर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!'ची सुरुवातीची प्रकरणं पुन्हा वाचली. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आलेली कादंबरी. नायिका यमू आपली हकिगत स्वतःच सांगते ना, तिथे मी दरवेळी थांबते. एका पुरुषाने त्या काळी बाईचा आवाज असा कानात साठवला कसा?

महिन्यापूर्वी प्रकाशकांकडून माझं हस्तलिखित परत आलं. नकार नव्हता, पण 'नायिका दुरून दिसते' असा शेरा होता. तेव्हा फार लागलं. आज कळलं, मी तिच्याबद्दल सांगत राहिले, तिला बोलूच दिलं नाही.

रात्री सातव्या प्रकरणातल्या 'ती'चं 'मी' करायला घेतलं. नुसती क्रियापदं बदलून भागत नाही. तिला माहीत नसलेलं सगळं गाळावं लागतं. नवऱ्याच्या मनातलं अख्खं पान गेलं, मला खूप आवडलेलं. अकरा पानांची सात झाली. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, तर मध्येच म्हणाली, "थांब गं, हे तिने आधी कुणालाच सांगितलं नव्हतं का?"

आठवं प्रकरण आत्ताच उघडलंय.